साहेबांची तज्ज्ञ पातळी

साहेब जिवंत आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाल्याला ठाऊक होतं. जिन्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं, कारण साहेबांच्या चपलांचा आवाज आला की ते वरच्या मजल्यावर पळायचं. ठाऊक नव्हतं ते फक्त पेन्शनच्या कचेरीला. कचेरीचं म्हणणं असं, की पेन्शन खाणाऱ्या माणसाने दरवर्षी आपण जिवंत असल्याचं कळवावं, आणि ते यापुढे कागदावर नव्हे, कॉम्प्युटरवरून कळवावं. साहेब कळवायला बसले, तर घरातला जुना कॉम्प्युटर म्हणाला, हे पान या आवृत्तीवर उघडत नाही. साहेबांनी पुन्हा पुन्हा बटणं दाबली, मशीन बंद करून चालू केलं, त्याच्या डोक्यावर थापटीही मारून पाहिली. पान उघडलं नाही. एवढा हाडामांसाचा माणूस खुर्चीत बसून चहा पितोय, आणि मशीन जुनं म्हणून त्याला जिवंत असण्याची परवानगी नाही. असो. पुढचं रामायण घडलं ते यातून.

साहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेलं लोखंड, आतून पोखरलेलं वजन, तागडीवर हळूच ठेवलेला अंगठा, यांतलं काही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांच्या बायकोची नोकरी कानाची. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. गल्लीत सगळे त्यांना अजूनही ऑपरेटरबाई म्हणत. लोकांची भांडणं, लोकांची लग्नं, लोकांच्या आजारपणाच्या बातम्या बाईंच्या कानातून इकडून तिकडे गेल्या. घरी आल्यावर साहेबांनी कुठल्या दुकानदाराला कसा पकडला, तेही त्याच कानांनी ऐकायचं.

त्यामुळे निवृत्तीनंतर बाईंना या जगाकडून एकच गोष्ट हवी होती. संध्याकाळचा तासभर वेळ. मागची गॅलरी, एक खुर्ची, पाय टेकायला स्टूल, आणि कानात कुणाचाही आवाज नाही. या वेळात त्या विणत नसत, वाचत नसत, डुलकीही घेत नसत. काय करता हो तुम्ही तिथे, असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, "काही नाही." लोकांना वाटे बाई काहीतरी लपवतायत. त्या खरंच काही करत नसत, आणि ते त्यांना फार आवडे.

हा तास त्यांना मिळत होता तो बुद्धिबळामुळे. जुन्या कॉम्प्युटरबरोबर बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅम फुकट आला होता. त्यात तीन पातळ्या होत्या, शिकाऊ, सराईत आणि तज्ज्ञ. साहेबांनी पहिल्या दिवशीच 'तज्ज्ञ' निवडली. दुसरं काही निवडायचा प्रश्नच नव्हता. आणि आश्चर्य म्हणजे ते जिंकू लागले. अगदी रोज नाही, पण बहुतेक रोज. तो प्रोग्रॅम ज्याला तज्ज्ञ म्हणत होता तो बिचारा मध्यम बुद्धीचा, भिडस्त गडी होता. पण पडद्याच्या कोपऱ्यात 'तज्ज्ञ' असं लिहून येई, आणि लिहिलेल्यावर साहेबांचा विश्वास होता.

खेळताना साहेब मोठ्याने बोलत, पण ते मशीनशी. बाईंना हूं म्हणावं लागत नसे. "आता हा उंट इथे घालतो, मग तो घोडा काढणार, काढू दे, मग मी हत्ती आणतो." जिंकले की स्वयंपाकघरात येऊन म्हणत, "दुपारची आमटी बरी झाली होती हं." आता बघा, ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना धारेवर धरलं, त्याला निवृत्तीनंतरही रोज कुणीतरी हरायला लागतं. ते काम मशीन बिनबोभाट करत होतं. मशीन नसतं तर ते काम कुणाच्या गळ्यात पडलं असतं, याची कल्पना बाईंना लग्न झाल्या दिवसापासून होती.

तर पेन्शनचं पान उघडेना, म्हणून जावई नवा कॉम्प्युटर घेऊन आले. जावई मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ते आले, त्यांनी जुनं मशीन उचललं, दुकानात देऊन टाकलं आणि नवं टेबलावर मांडलं, हे सगळं जेवण व्हायच्या आत. जावयाने आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची सोय नसते. साहेबांनी दुकानदारांना थरथर कापायला लावलं असेल, पण जावयापुढे तेही मऊ मेण.

साहेब जिवंत असल्याचं कचेरीला चुटकीसरशी कळलं. मग बुद्धिबळ. जुना प्रोग्रॅम जावयांनी आठवणीने उतरवून घेतला होता. पण नव्या मशीनवर तो चालू होईना. हा प्रोग्रॅम या आवृत्तीशी जुळत नाही, अशी पाटी आली.

"बाबा, काळजी नको," जावई म्हणाले. "याला नुसतं सांगायचं, की तू अजून जुन्याच मशीनवर आहेस. मग चालतो मुकाट."

"म्हणजे त्याला खोटं सांगायचं?" साहेबांनी विचारलं. खोटं म्हटलं की त्यांचे कान अजून उभे राहत.

"खोटं नाही हो. कंपॅटिबिलिटी म्हणतात त्याला."

जावयांनी कुठेतरी टिचकी मारली, एक जुनी आवृत्ती निवडली, आणि प्रोग्रॅम फसला. तेच रंग, तीच घरं, डाव सुरू होताना वाजणारी तीच पिपाणी. कोपऱ्यात 'तज्ज्ञ'. साहेब खूश. जावई समाधानाने जेवले आणि निघून गेले. संध्याकाळी बाई गॅलरीत पाय पसरून बसल्या, साहेब मशीनपुढे बसले, आणि थोड्याच वेळात साहेब हरले.

पहिल्या दिवशी पडद्यावर उजेड जास्त होता. दुसऱ्या दिवशी माउस नवा होता. तिसऱ्या दिवशी बाईंनी गॅलरीचं दार वाजवलं म्हणून लक्ष उडालं. त्यानंतर कारणं संपली, हरणं काही संपेना. पूर्वीचा भिडस्त गडी कुठे गेला कोण जाणे. आता समोर कुणी कसाई बसला होता. साहेबांनी उंट हलवला की हा त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं बघून बसलेला. आणि शेवटी पडद्यावर चौकोन येई, 'मात. तुम्ही हरलात. नवा डाव?' खाली 'होय' असं एकच बटण.

हरलेले साहेब स्वयंपाकघरात आले. आमटीत मीठ किंचित जास्त होतं. पोळ्यांचा आकार सारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून आपला जुना तराजू काढला आणि दुधाची पिशवी तोलली, मग साबणाची वडी, मग कणीक. टॉवेल घडी करायची पद्धत चुकीची होती. केरसुणी उभी ठेवायची असते, आडवी नाही. बाई मशीन नव्हत्या, त्यामुळे त्या कधीमधी उलट उत्तर देत. पण साहेबांना उत्तर नको होतं, विजय हवा होता. बाईंनी माघार घेतली तरच प्रकरण मिटायचं, आणि रोज माघार घ्यायची म्हणजे किती घ्यायची?

मग एका संध्याकाळी साहेब खुर्ची उचलून गॅलरीत आले.

"इथे वारा छान येतो," ते म्हणाले, आणि बोलायला लागले. दूधवाला, पाणीवाला, खालच्या मजल्यावरच्यांची मोटारसायकल, एकूण जगातली लबाडी. बाईंच्या कानात पुन्हा लाइन जोडली गेली. त्या हूं हूं करत राहिल्या आणि मनात म्हणाल्या, हे मी चालू देणार नाही.

त्यांनी आधी लेकीला फोन केला.

"तुझ्या बाबांचं बुद्धिबळ बिघडलंय."

"बिघडलंय म्हणजे? चालत नाही?"

"चालतंय. पण ते हरतायत."

पलीकडे लेक जावयांशी काहीतरी बोलली. मग जावई स्वतः फोनवर आले. "आई, हरवतोय म्हणजे प्रोग्रॅम उत्तम चालतोय. पूर्वीपेक्षा सरस." आवाजात अभिमान होता. आता यांना काय सांगणार, कप्पाळ.

चौकात एक दुरुस्तीवाला होता. त्याच्या दुकानात जुनी मशीनं एकमेकांवर टेकून बसलेली असत, आणि तो त्यांच्याशीच जास्त बोलायचा. आलेल्या गिऱ्हाइकाला तो आधी आपल्या पाठदुखीची हकिकत ऐकवी. बाईंनी ती सगळी ऐकली, त्यांना सवय होती. मग आपली तक्रार सांगितली.

दुरुस्तीवाला हसला. "मावशी, तुमच्या साहेबांचं काही चुकत नाही. त्या प्रोग्रॅमला कुणीतरी फार पूर्वी सांगून ठेवलंय, की प्रत्येक चालीला ठरावीक वेळ विचार कर. जुनं मशीन मंद. तेवढ्या वेळात त्याचा दोन-चार चालींचाच विचार व्हायचा. नवं मशीन तेवढ्याच वेळात अख्खा पट पिंजून काढतं. घड्याळ तेच आहे, डोकं बदललंय."

"त्याला ते कळत नाही का, की आपलं डोकं बदललंय?"

"कसं कळणार? जावयांनी त्याला सांगितलंय ना, तू जुन्याच मशीनवर आहेस."

दुरुस्तीवाल्याने सोपा उपाय सुचवला, पातळी खाली आणा, शिकाऊ करा.

"आणि कोपऱ्यात 'शिकाऊ' असं लिहून आलं की?" बाई म्हणाल्या. "मग त्या घरात राहायचं कुणी? तुम्ही येता का राहायला?"

दुरुस्तीवाल्याने मान खाजवली. मग म्हणाला, एक छोटा प्रोग्रॅम आहे, गोगलगाय नावाचा. तो मशीनला उगाचच कामाला जुंपून ठेवतो. मशीन तिकडे गुंतलं की बुद्धिबळाच्या वाट्याला थोडंच डोकं उरतं. कोपऱ्यात 'तज्ज्ञ'च दिसणार, पण तज्ज्ञ निम्मा झोपेत. साहेब सकाळी फिरायला गेलेले असताना तो घरी आला आणि त्याने गोगलगाय बसवली. पडद्याच्या एका कोपऱ्यात, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी पट्टी. डावीकडे सरकवली की मशीन मठ्ठ, उजवीकडे सरकवली की कसाई.

"कुठे ठेवू?" बाईंनी विचारलं.

"ते मी कसं सांगू? मला बुद्धिबळ येत नाही. तुम्हीच खेळून बघा आणि ठरवा."

आता पंचाईत झाली. तराजू बरोबर आहे की नाही हे तपासायचं तर आधी काहीतरी तोलून बघायला हवं, हे बाईंना साहेबांमुळे पाठच झालं होतं. पण बुद्धिबळ त्या आयुष्यात कधी खेळल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी साहेब फिरायला बाहेर पडले, तशा बाई मशीनपुढे बसल्या. पट्टी अगदी डावीकडे. तरी हरल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा हरल्या. पण हळूहळू एक गंमत त्यांच्या लक्षात आली. इतकी वर्षं गॅलरीत बसून ज्याकडे त्यांनी लक्षच दिलं नव्हतं, ती साहेबांची बडबड त्यांच्या कानांनी काना-मात्रेसकट जपून ठेवली होती. कुठला डाव कसा उघडायचा, कुठल्या चालीनंतर साहेब "अरेच्चा" म्हणायचे, कधी खुर्ची मागे सरकवायचे. ऑपरेटरचे कान, दुसरं काय. मालकिणीला न विचारता काम करत होते.

थोड्याच दिवसांत बाईंना पट्टीची नेमकी जागा सापडली. मधोमध नाही, जराशी डावीकडे. त्या संध्याकाळी साहेब मशीनपुढे बसले, बराच वेळ "हा घोडा, हा उंट" चाललं, आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कळलं मला त्याचं गुपित," स्वयंपाकघरात येऊन साहेब म्हणाले. "नव्या पद्धतीने खेळत होता लेकाचा. मी तोडगा काढला."

"काढणारच तुम्ही," बाई म्हणाल्या. त्या दिवशीच्या आमटीत मीठ बरोबर होतं.

पुढचे काही महिने त्या घरात जे चाललं ते बाहेर कुणाला सांगून पटलं नसतं. बाईंच्या हातात चक्क नवऱ्याचा कान आला होता, आणि तोही पिरगळल्याचा पत्ता न लागता. पट्टी फार डावीकडे नेली की साहेब सहज जिंकत आणि मित्रांना फोन करकरून सांगत, तेही गॅलरीच्या दाराशी उभे राहून. ते नको. जरा उजवीकडे नेली की डाव बरोबरीत सुटे, आणि बरोबरी झाली की साहेब विचारात पडत. विचारात पडलेले साहेब न सांगता भाजी निवडू लागत. खिडक्यांना नवे पडदे घ्यायचे होते त्या आठवड्यात बाईंनी त्यांना ओळीने जिंकू दिलं. पडदे आले. गोगलगाय अन् पोटात पाय, असं आपण उगाच म्हणत नाही.

साहेबांना शंकासुद्धा आली नाही. ज्या माणसाने भल्याभल्यांचे अंगठे तागडीवरून उचलले, त्याच्या स्वतःच्या पारड्यावर रोज बायकोचा अंगठा होता. पण पारडं त्यांच्या बाजूला झुकत होतं ना. आपल्या बाजूला झुकणाऱ्या तराजूबद्दल वजनमापे खात्याकडे आजपर्यंत एकही तक्रार आलेली नाही.

बाईंचं सकाळचं खेळणं मात्र थांबलं नाही. तराजू अधूनमधून तपासायला हवा, असं त्या स्वतःला सांगत. खरं म्हणजे त्यांना मजा यायला लागली होती. स्वतः खेळताना त्या पट्टी रोज नखभर उजवीकडे सरकवत, आणि उठताना आठवणीने परत साहेबांच्या जागेवर आणून ठेवत. संध्याकाळी आतली बडबड कानावर आली की त्यांना दिसे, हे आता फसणार. आणि ते फसत. मग त्या डोळे मिटून घेत आणि पुन्हा काही न करायला लागत.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नेमकं तेच कुणाला तरी बघवलं नसावं. एका सकाळी मशीन उघडलं तर पडद्यावर भलं मोठं अभिनंदन. तुमची आवृत्ती आपोआप सुधारण्यात आली आहे. नव्या आवृत्तीशी न जुळणारे प्रोग्रॅम तुमच्या सुरक्षिततेसाठी काढून टाकले आहेत. खाली नाव होतं, एकच, गोगलगाय. बुद्धिबळाला मात्र धक्का लागला नव्हता. त्याला जावयांनी आधीच खोटं शिकवून ठेवलेलं, ते इथे कामी आलं.

"ही गोगलगाय कसली?" साहेबांनी विचारलं.

"जावईबापूंनी काहीतरी टाकलं असेल," बाई म्हणाल्या. जावयांचं नाव निघाल्यावर चौकशी तिथेच थांबली.

त्या संध्याकाळी कसाई परत आला. दुसऱ्या दिवशीही आला. बाई दुरुस्तीवाल्याकडे धावल्या, पण त्याने हात वर केले. गोगलगायीची नवी आवृत्ती निघालीच नव्हती, आणि ती बनवणाऱ्याने तो धंदाच सोडला होता. "थांबा मावशी, निघेल कधीतरी दुसरं काही," तो म्हणाला आणि पाठ चोळत राहिला.

इकडे माळ्यावरचा तराजू पुन्हा खाली आला होता. या वेळचं हरणं जास्त जिव्हारी लागलं, कारण मध्ये एवढे दिवस जिंकण्यात गेले होते. आठवडाभर साहेबांनी घरातली प्रत्येक वस्तू तोलली. आणि मग एका दुपारी ते एकदम मवाळ होऊन बाईंच्या समोर येऊन बसले.

"मी ठरवलंय," ते म्हणाले. "सोडून देतो ते बुद्धिबळ. काय मिळालं त्यातून? आयुष्यभर तू तुझ्या कामात, मी माझ्या. आपलं दोघांचं बोलणं असं झालंच नाही कधी. उद्यापासून संध्याकाळी आपण दोघं गॅलरीत बसू. रोज. गप्पा मारू."

हे ऐकून दुसऱ्या एखाद्या घरात बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. बाईंनी गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. त्यांना साहेबांचा राग नव्हता. माणूस मनापासून बोलत होता, हेच तर अवघड होतं. खोटं बोलत असता तर उलट काही बोलता आलं असतं. त्यांना डोळ्यांपुढे उरलेल्या सगळ्या संध्याकाळी दिसल्या, एकामागून एक, आणि प्रत्येक संध्याकाळी कानाशी तोच आवाज. त्यांना जन्मात पहिल्यांदा रडू येईलसं वाटलं, आणि ते का, हे सांगायची सोय नव्हती.

"सोडू नका," त्या म्हणाल्या. "मशीनशी नका खेळू. माझ्याशी खेळा."

"तुला येतं?"

"तुमचंच ऐकून ऐकून थोडंफार."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि बाजारातून साधा लाकडी पट आणि सोंगट्या आणल्या. संध्याकाळी बैठकीच्या खोलीत पट मांडला. बाईंनी मनाशी हिशेब केला होता. मशीन पूर्वी हरायचं, आता मी हरेन. माणूस गोड होईल आणि घर शांत होईल.

आणि त्या हरल्या. अगदी बेताने, जुन्या मशीनइतक्याच ताकदीने. मध्ये एकदा साहेबांचा वजीर फुकट मिळत होता, तो त्यांनी घेतला नाही. साहेब सगळा वेळ बोलत होते. "हा उंट बघ, हा तुला दिसला नाही. असू दे, शिकशील हळूहळू." जिंकल्यावर त्यांनी बाईंच्या हातावर थोपटलं.

"वाईट नाही. अगदी आपल्या जुन्या मशीनसारखी खेळतेस. उद्यापासून हेच करू. त्या डबड्यापेक्षा तू बरी, मला समजून घेतेस."

बाई सोंगट्या आवरत होत्या. आवरता आवरता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांना स्वतःचाच संताप आला. आपण केलं काय? तास वाचवायला निघालो आणि तासच देऊन बसलो. गॅलरी रिकामी, खुर्ची रिकामी, आणि आपण इथे साहेबांच्या समोर, पूर्वीपेक्षा हातभर जवळ, शहाणपण ऐकत, मुद्दाम हरत. मशीनला निदान वीज गेली की सुटका होती. आणि वर म्हणे, समजून घेतेस. बास झालं, त्या मनात म्हणाल्या, आता नाही समजून घ्यायचं.

दुसऱ्या संध्याकाळी पट मांडला. साहेबांनी नेहमीप्रमाणे वजीर लवकर बाहेर काढला आणि बोलायला सुरुवात केली. बाईंनी एक घोडा काढला, मग दुसरा. मिळालेलं प्यादं घेतलं. साहेब म्हणाले, "हां, नशिबाने मिळालं हं." बाईंनी मग हत्ती घेतला. साहेबांनी चष्मा पुसला. वाक्यं तोकडी होत गेली. "हा इथे... मग तो..." आणि एका चालीनंतर ते एकदम गप्प झाले.

पट स्पष्ट होता. साहेबांनी आता काहीही हलवलं तरी पुढच्या चालीला मात होती. बाईंनी ते पाहिलं. थोड्या वेळाने साहेबांनीही पाहिलं, त्यांचा कान लाल झाला त्यावरून बाईंना कळलं. मशीन असतं तर त्याने तेवढ्यातच चौकोन तोंडावर मारला असता, तुम्ही हरलात, नवा डाव? मशीनला जनाची ना मनाची. बाईंना मात्र माणसाशी संसार करायचा होता.

"तुमची चाल," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. विचार करतोय."

"करा की. घाई कसली आहे?"

साहेब पटावर वाकले. हनुवटीखाली मूठ. ओठ हलत होते, पण त्यांतून आवाज निघत नव्हता. बाई थोडा वेळ बसून राहिल्या. मग उठल्या. साहेबांनी मान वर केली नाही. बाई स्वयंपाकघरातून मागच्या गॅलरीत गेल्या, खुर्चीवर बसल्या, पाय स्टुलावर टाकले. आतून काही आवाज आला नाही. त्यांनी जरा वेळ कान देऊन पाहिलं. खरंच काही नाही.

अंधार पडल्यावर त्या दिवा लावायला आत आल्या तेव्हा साहेब तसेच बसले होते.

"पटाला हात लावू नकोस," ते म्हणाले. "उद्या बघतो. मार्ग आहे, मला दिसतोय जवळजवळ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा पटासमोर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. हरलो म्हणायची त्यांना सवय नव्हती आणि चाल केल्याशिवाय हरता येत नाही, त्यामुळे ते चाल करत नव्हते. तराजू माळ्यावर गेला, कारण त्यांचं डोकं आता दुसरीकडे गुंतलं होतं. जेवताना त्यांची नजर पटाकडे असे. आमटीत मीठ नसलं तरी त्यांना कळत नव्हतं. बाई पटावरची धूळ झटकत, ती सोंगट्या जराही न हलवता.

लेकीचा फोन आला. "आई, यांनी विचारलंय, नवं मशीन नीट चाललंय ना? आणि बाबा काय करतायत?"

"खेळतायत," बाई म्हणाल्या. "माझ्याशी."

"तुझ्याशी? कोण जिंकतंय?"

"अजून कुणीच नाही. तुझे बाबा विचार करतायत."

फोन ठेवून त्या गॅलरीत गेल्या. दारातून बैठकीच्या खोलीचा कोपरा दिसत होता. साहेब पटावर ओणवे, कपाळाला आठ्या घालून बाईंच्या घोड्याकडे बघत होते. त्यांना तसं बसलेलं पाहून बाईंच्या मनात आलं, की संसारात आपण केलेल्या कुठल्याही गोष्टीचा या माणसाने आजवर इतका विचार केलेला नाही. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि काही न करायला लागल्या.